नवसाची की आठवणीची

१

घुमटीची ऑर्डर घेताना मी आधी माप विचारत नाही, रंगही विचारत नाही. पहिला प्रश्न एकच: "नवसाची की आठवणीची?"

लोखंडी खांबावर बसवलेली पत्र्याची ही चिमुकली देवळं आमच्या घाटरस्त्यांवर वळणावळणाला भेटतात. गाडी दरीत जाता जाता माणूस वाचला, तर तो स्वतः नवस फेडायला घुमटी उभारतो. नाही वाचला, तर घरचे आठवण म्हणून उभारतात. बाहेरून दोन्ही सारख्याच. तोच निळा रंग, तीच काच, तोच तेलाचा दिवा. फरक आत असतो. नवसाच्या घुमटीत नुसती संताची तसबीर, आठवणीच्या घुमटीत तसबिरीशेजारी फोटोची चौकट. चौकट मागाहून बसवायची म्हणजे सगळं दार उतरवावं लागतं, म्हणून मी आधीच विचारून घेतो. लोक रडतात, मी लिहितो.

ग्रीसमधल्या त्रिकाला गावाबाहेर, डोंगराकडे चढणाऱ्या रस्त्यावर माझं वर्कशॉप आहे. खाली पत्र्याची शेड, वर घर. माझं नाव झीसिस. ज्यांची मुलं जगत नाहीत ते हे नाव ठेवतात, 'जगू दे' म्हणून. मी जगलो. चार वर्षांनी वायोस झाला, तोवर आईची भीती संपली होती आणि माया सगळी शिल्लक होती. ती त्याला मिळाली.

वायोस वीस वर्षं जर्मनीत आहे. आईची स्मृती गेली तेव्हाही तो तिकडेच होता. सहा वर्षं मी तिला न्हाऊ घातलं, भरवलं, तिचे कपडे बदलले. दुपारी मी काम करत असलो की ती खाली शेडमध्ये वेताच्या खुर्चीवर येऊन बसायची. मला ती ओळखत नव्हती. घरात कामाला आलेला कुणी कारागीर समजायची आणि फार अदबीनं बोलायची. "मिस्त्री, तुम्हाला त्रास देते हो. आमचा वायोस आला का?"

रोज. सहा वर्षं रोज.

गेल्या वर्षी मार्चमध्ये ती गेली. माती दुसऱ्याच दिवशी द्यायची असते, तेवढ्यात वायोसला पोचता आलं नाही. तो चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला आला, इटलीपर्यंत रस्त्यानं, मग बोटीनं, मग पुन्हा मोटरसायकलवरून. चर्चच्या आवारात अख्खं गाव त्याच्याभोवती जमलं. "आईसाठी पोरगं डोंगर तुडवत आलं!" उकडलेल्या गव्हाचा प्रसाद वाटत मी बाजूला उभा होतो. कुणीतरी मलाच म्हणालं, "झीसिस, भावाला कॉफी आणून दे की, दमलाय बिचारा." पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते उगाच नाही.

२

यंदा जूनमध्ये वायोसनं फोनवर टूम काढली. दोघा भावांनी मोटरसायकलींवरून पाच दिवस हिंडायचं. पिंडोसचे डोंगर ओलांडायचे, समुद्राला उतरायचं, किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली जायचं आणि आर्ताच्या बाजूनं परत. सप्टेंबरमध्ये, गर्दी ओसरल्यावर.

"रस्ता तूच आख," तो म्हणाला. "तुला वळण न् वळण पाठ आहे."

"पाठ आहे कारण प्रत्येक वळणावरचा मेलेला माणूस मला माहीत आहे."

"बघ, हेच! अरे, लोक हॉटेलं बघून रस्ता आखतात. तू घुमट्या मोजतोस."

"हॉटेलं बंद पडतात. घुमट्या राहतात."

तो खो खो हसला. हसणं त्याला नेहमीच सोपं गेलंय. मग दर रविवारी सकाळी तिकडून सूचना यायला लागल्या. दिवसाला दोनशे किलोमीटरच्या वर नको, पार्गाला समुद्रासमोरचीच खोली हवी, एक दिवस नुसता पोहायला. उंटावरून शेळ्या हाकायला याच्या बापाचं काय जात होतं! बाप माझाही तोच, ते सोडा.

पण खोटं कशाला बोलू, मला ते काम आवडायला लागलं होतं. पत्रा कापायच्या टेबलावर मी नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार नट ठेवले आणि ऑर्डरच्या कागदांच्या कोऱ्या पाठीवर एकेका दिवसाचा रस्ता पेन्सिलीनं लिहू लागलो. कुठे पेट्रोल, कुठे पाणी, कुठे मटण बरं मिळतं, कुठल्या वळणावर ऊन पोचत नाही आणि दुपारपर्यंत रस्ता ओला असतो. माझ्याबरोबर कुठे जायचंय असं इतक्या वर्षांत कुणी म्हटलंच नव्हतं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी साडेतीनला, शेडमधला भिंतीवरचा फोन वाजला. त्या वेळेला आमच्याकडे कुत्रंसुद्धा भुंकत नाही. दुपारच्या झोपेत कुणाला फोन केला तर समोरचा तुमच्या सात पिढ्या उद्धरतो. मला वाटलं, कुणी परदेशी असणार.

"मिस्त्री का? झोपमोड केली हो तुमची."

आवाज म्हातारा, मऊ आणि दमलेला होता. त्याच्या मागे काहीतरी करकरत होतं, थोडं थांबून, मग पुन्हा.

"बोला, मावशी."

"एक घुमटी हवी. निळी. एका दाराची."

"कुठे बसवायची?"

"कातारा खिंडीच्या अलीकडे. पाण्याचं दगडी कुंड आहे बघा, त्याच्यानंतरचं तिसरं वळण."

मी कागद ओढून लिहून घेतलं. "तारीख काय घालायची?"

"सप्टेंबरची बारा."

"आणि नवसाची की आठवणीची?"

पुन्हा ते करकरणं. मग ती म्हणाली, "ते अजून ठरायचंय." आणि फोन ठेवून दिला.

३

समोरच थोमासचं कॉफीचं दुकान आहे. थोमास स्वतःला गावचा वकील समजतो. कुठल्याही भानगडीवर त्याच्याकडे खुलासा तयार असतो. संध्याकाळी मी त्याला फोनचं सांगितलं.

"ठरायचंय म्हणजे कुणीतरी दवाखान्यात लटकलेलं असणार," तो म्हणाला. "जगला तर नवस, मेला तर आठवण. म्हातारी हुशार आहे. घुमटी काही वाया जात नाही."

"पण तारीख सप्टेंबरची सांगितली."

"गेल्या सप्टेंबरची."

"म्हणजे वर्षभर दवाखान्यात?"

"अरे, हल्ली लग्नाचे हॉल लोक दोन दोन वर्षं आधी घेऊन ठेवतात. तुला एक ऑर्डर आगाऊ मिळाली तर तुझ्या पोटात का दुखतंय?"

दुकानातले दोघे तिघे हसले. मीही हसलो. थोमासच्या बोलण्यात चूक काही नव्हती. मी कॉफी संपवली, घरी आलो, नकाशापुढे बसलो आणि दुसऱ्या दिवसाचा कागद हातात घेतला.

अकरा तारखेला सकाळी निघायचं होतं. पहिला मुक्काम पेर्तुलीला. बारा सप्टेंबरला, दुसऱ्या दिवशी, कातारा खिंड. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'दगडी कुंड, पाणी भरून घेणे.'

मी देवभोळा नाही. घुमट्या करणाऱ्याला देवभोळं होऊन चालत नाही. न्हाव्याला केसांची किळस येऊन चालेल का? कातारा खिंडीत दर वर्षी अपघात होतात, त्यातले काही सप्टेंबरात होतात, आणि सप्टेंबराला बारा तारीख असतेच. हे सगळं मी स्वतःला नीट, क्रमानं समजावलं. मग खोडरबर घेतलं आणि दुसरा दिवस खोडून टाकला. कातारा गाळून बारोस खिंडीवरून रस्ता आखला. तो उंचावरचा आहे, अरुंद आहे, पण देखणा आहे. वायोसला कळवायचं रविवारी, असं ठरवलं. त्या दिवशी वार गुरुवार होता. थोमासलाही मी काही बोललो नाही. नवा रस्ता जगात फक्त त्या कागदावर होता.

४

शनिवारी दुपारी साडेतीनला फोन वाजला.

"मिस्त्री, पुन्हा त्रास देते हो. जागा बदलली."

मी पेन्सिल उचलली. "कुठे?"

"बारोसवर. उतार लागला की उजव्या हाताला दगडी भिंत आहे ना, ती संपते तिथे."

"मावशी, तुम्ही कोण बोलताय?"

"जरा मोठ्यानं बोला. इथे तुमचं यंत्र फार वाजतं."

शेडमध्ये तेव्हा काही वाजत नव्हतं. हवेचा पंप कोपऱ्यात गप्प होता. रिसीव्हरमध्ये मात्र पंप चालू झाल्याचा खडखडाट आला, तोच, माझ्या पंपाचा, सुरुवातीला दोनदा अडखळणारा. आणि मग, दोन क्षणांनी, माझ्या पाठीमागे शेडमधला पंप चालू झाला. दोनदा अडखळला.

टाकीतली हवा कमी झाली की तो आपोआप चालू होतो. ते ठीकच आहे. पण आधी रिसीव्हरमध्ये आणि नंतर शेडमध्ये?

"नाव काय घालायचं?" मी विचारलं. माझा धंदा माझ्या तोंडात इतका मुरलाय की भीतीतसुद्धा पुढचा प्रश्न बरोबर येतो.

"ते तुम्हीच घाला, मिस्त्री. तुमच्याच हातात आहे."

फोन बंद झाला. मी वळलो. आईची वेताची खुर्ची पंपाशेजारी होती तिथेच होती. ती गेल्यापासून मी तिच्यावर रंगाचे डबे ठेवत आलोय. डबे खाली जमिनीवर होते, भिंतीला लावून, एका ओळीत. मीच ठेवले असतील. घाईत माणूस काय काय करतो आणि विसरतो. पण मी डबे ओळीत ठेवत नाही, आणि घाई मला कसली होती?

मी वर गेलो, दार लावलं आणि संध्याकाळ होईपर्यंत खाली उतरलो नाही.

५

रविवारी वायोसचा फोन यायच्या आधी मीच त्याला केला.

"या वर्षी नको जाऊ या," मी म्हटलं.

"का? काय झालं?"

"घाटात दरडी कोसळतायत."

"उन्हाळ्यात? पाऊस नाही, पाणी नाही, दरडी कुठून आल्या?"

"मग समुद्राकडेच जाऊ. सरळ मोठ्या रस्त्यानं. डोंगर राहू दे."

"डोंगर राहू दे? तू म्हणतोस हे? झीसिस, खरं बोल. तुला माझ्याबरोबर यायचंच नाहीये."

"तसं नाही रे."

"तसंच आहे. आई गेल्यापासून तू माझ्याशी गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बोलतोस. मी महिनाभर रजेसाठी साहेबाच्या पाया पडतोय. का? तर भाऊ एकटा आहे, भावाबरोबर चार दिवस घालवू. आणि तुला दरडी आठवतायत."

त्याला मी काय सांगणार होतो? की दुपारच्या झोपेच्या वेळी एक बाई फोन करते? जर्मनीत त्याला हसायला तेवढंच पुरलं असतं. म्हणून मी भलतंच बोललो. "आई गेली तेव्हा तू कुठे होतास?"

"आलं! वर्षभर पोटात होतं, आलं शेवटी बाहेर."

"सहा वर्षं मी तिची घाण काढली, वायोस."

"माहितीये. सगळ्या गावाला माहितीये, तू न बोलता रोज सांगतोस. पण तिला शेवटी फक्त माझंच नाव आठवत होतं, यात माझा काय गुन्हा?"

हे वाक्य रागात निघालं होतं. ते खरंही होतं, आणि म्हणूनच मला सहन झालं नाही. तो लगेच म्हणाला, "सोड, चुकलं माझं," पण मला ते लांबून ऐकू आलं.

"बरं," मी म्हटलं. "जाऊ. बारोसवरून जाऊ. रस्ता देखणा आहे."

फोन ठेवला आणि मी टेबलाशी बसलो. ऑर्डरचा तो कागद समोरच होता. दोन रकाने रिकामे होते. मी 'आठवणीची' याच्यापुढे खूण केली. नावाच्या रकान्यात भावाचं नाव लिहिलं. अक्षर सुबक आलं. मग तोच कागद उलटला आणि सवयीनं त्याच्याच कोऱ्या पाठीवर दुसऱ्या दिवसाचा रस्ता पक्का करून टाकला. खिंड किती वाजता, पाणी कुठे. शेवटी लिहिलं, 'उतारावर वायोस पुढे.'

पेन्सिलीनं माणूस मरत नाही, असं मी स्वतःला म्हटलं. त्यानंतर फोन एकदाही आला नाही. येईल म्हणून मी दुपारी जागा राहत होतो. आला नाही तसा जास्तच घाबरत गेलो. जणू तिला हवं ते मिळालं होतं. किंवा तिनं मुळात फोन केलाच नव्हता, आणि सगळं माझ्याच डोक्यात शिजत होतं. यातलं कुठलं बरं, ते मला आजही सांगता यायचं नाही.

६

घुमटी मी ऑगस्टमध्ये पुरी केली. निळी, एका दाराची, आत चौकट. ती न्यायला कुणी आलं नाही. मी तिच्यावर गोणपाट टाकलं आणि शेडच्या मागच्या भिंतीला उभी करून ठेवली.

दहा सप्टेंबरला वायोस आला. बाराशे सीसीचं ते जर्मन धूड अंगणात लावून त्यानं मला मिठी मारली आणि सोडेचना. माझ्यासाठी हातमोजे आणले होते, चांगल्या कातड्याचे. केस पार पांढरे झाले होते त्याचे. जेवण झाल्यावर शेडमध्ये आला, इकडे तिकडे बघितलं आणि वेताच्या खुर्चीवर बसला. खुर्ची करकरली. माझ्या हातातला पाना खाली पडला.

"आई इथेच बसायची ना?"

"हो."

"मी नालायक निघालो, झीसिस. मला माहितीये. तोंडावर म्हणत नाहीस, पण म्हण. मला बरं वाटेल."

मी पाना उचलला. त्या वेळी मी त्याला सगळं सांगू शकलो असतो. पाच कागदांतला एक फाडू शकलो असतो. मी म्हटलं, "झोप आता. उद्या लवकर उठायचंय."

सकाळी त्यानं पाचही कागद एकावर एक लावून पेट्रोलच्या टाकीवरच्या पारदर्शक पिशवीत सरकवले. रस्त्याची बाजू वर. मला तेव्हाच दिसलं होतं, दुसरा कागद कुठला आहे ते. मी हेल्मेट चढवलं.

७

पहिला दिवस उत्तम गेला. हे लिहिताना लाज वाटते, पण गेला. पेर्तुलीला दोघांनी मिळून अर्धी बाटली त्सिपुरो, आमची द्राक्षांची दारू, संपवली आणि बापाच्या नकला केल्या.

बाराला सकाळी बारोसवर स्वच्छ ऊन होतं. खिंडीच्या माथ्यावर थांबून आम्ही पाणी प्यालो. वायोसनं पिशवीवर वाकून वाचलं. "उतारावर वायोस पुढे. का रे? मी हरवेन अशी भीती वाटते?"

"तुझे ब्रेक चांगले आहेत," मी म्हटलं.

"बरं. काही वाटलं तर हॉर्न दे. हॉर्न वाजला की मी थांबेन."

तो पुढे गेला. मी दोनशे मीटर मागे राहिलो. उतार लागला. उजव्या हाताला दगडी भिंत सुरू झाली, तशी मी गाडी आणखी हळू केली. माझा अंगठा हॉर्नवर होता. एकदा दाबला असता तर तो थांबला असता. भिंत लांबच लांब होती, मला भरपूर वेळ होता. नव्या हातमोज्यात अंगठा घामानं भिजला. मी दाबला नाही. वायोस भिंतीच्या टोकाला वळला आणि दिसेनासा झाला.

तेव्हा मला भिंत संपते तिथे निळं काहीतरी दिसलं. एका दाराचं. बिजागरी वरून तिरकी घासलेली, इतक्या लांबूनही स्पष्ट. तशी मीच घासतो, दुसरं कुणी नाही. ती तर घरी होती, गोणपाटाखाली. दार उघडं होतं, आत दिवा लागलेला, भर उन्हात. आणि एक हात आतली काच पुसत होता. मनगटापर्यंतच दिसला. मागे माणूस असायला हवं तिथे भिंतीचा दगड होता. हात पुसता पुसता थांबला आणि रस्त्याच्या बाजूला पुढे झाला, अगदी सावकाश. कुणी पोराला अडवायला पुढे करतं, तसा.

मग डोंगर कोसळल्याचा आवाज आला.

मी वळण घेतलं. धूळ होती. मोटरसायकल आडवी पडली होती, मागचं चाक फिरत होतं. वायोस रस्त्यात बसला होता, हेल्मेट मांडीवर. त्याच्या पुढे वीस पावलांवर रस्ता उरला नव्हता. दगडच दगड होते, त्यातला एक तर आमच्या बेकरीच्या भट्टीएवढा. गुडघा फाटला होता, बाकी तो धड होता.

"कुणीतरी खांद्यावर हात ठेवला," तो म्हणाला. दात वाजत होते त्याचे. "मागून. घट्ट. मी दचकून ब्रेक मारला, घसरलो, आणि मग हे सगळं वरून आलं. झीसिस, मला वाटलं तूच आलास मागून."

मी त्याच्याजवळ उकिडवा बसलो. मागे भिंतीकडे वळून बघायचं धाडस मला झालं नाही.

८

मोबाईलला रेंज नव्हती. एक मेंढपाळ आवाज ऐकून खाली आला, क्रॉसची खूण करून परत वर चढला आणि गावातून गाडी पाठवतो म्हणाला. आम्ही भिंतीला टेकून बसलो. मधेच वायोस हसायचा. "नवस बोलावा लागणार," तो म्हणाला. "घरचाच मिस्त्री आहे, बरं झालं."

त्यानं मला पहिल्यांदाच मिस्त्री म्हटलं.

मग पुढचं गाव किती लांब आहे ते बघायला त्यानं पिशवीतून दुसऱ्या दिवसाचा कागद काढला. अंतर या बाजूला नव्हतं. त्यानं कागद उलटला.

त्याला वाचायला वेळ लागला नाही. चार ओळींचाच मजकूर होता. एक जागा खोडलेली, दुसरी लिहिलेली. तारीख, नाव, खूण. त्यानं मान वर करून भिंतीचं टोक बघितलं, दगड बघितले, आणि पुन्हा कागद बघितला.

"हे अक्षर तुझं आहे."

"हो."

"कधी लिहिलंस?"

"जुलैत."

"कुणाची ऑर्डर?"

मी तोंड उघडलं. एका बाईचा फोन यायचा, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. पण जागा तिनं सांगितली होती, तारीख तिनं सांगितली होती. नाव आणि खूण माझी होती. आणि हॉर्न तिच्या हाताखाली नव्हता.

"माझी," मी म्हटलं.

तो ओरडेल असं मला वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"केलीस पुरी?"

"हो."

"चौकट बसवून?"

"हो."

"फोटो कुठला लावणार होतास?"

"पार्गाचा. तू जर्मनीला जायच्या आदल्या उन्हाळ्यातला."

"त्यात आपण तिघं आहोत."

"होतो," मी म्हटलं.

चौकटीत एकच चेहरा मावतो. ऑगस्टमध्येच मी त्या फोटोला कात्री लावली होती. आधी स्वतःला काढलं, मग आईला. ती मधे उभी होती. माझ्या बाजूच्या हातात तिनं चपला धरल्या होत्या, दुसरा हात वायोसच्या खांद्यावर होता. तेवढा हात मात्र काढता आला नाही. तो कापायचा तर वायोसची मान कापली जात होती, म्हणून मी तो तिथेच राहू दिला.